व्हीआरमध्ये व्हिडिओ ॲपचा मेनू कुठे ठेवावा?

प्रश्न: नागपूरच्या धरमपेठेत घरीच बसून व्हिडिओ ॲपचं व्हीआर (हेडसेट लावून पाहायचं आभासी जग) रूप करतोय. मेनू डोक्यासोबत फिरतो. काल आईला हेडसेट लावून दिला, तर दोन मिनिटांत तिनं खुर्चीचा हात घट्ट धरला. म्हणे, "बाप्पा, गरगरतंय!" फार वाईट वाटलं. काय बदलू?

उत्तर: भाऊ, मेनू डोक्याला बांधू नका, खोलीत एका जागी स्थिर ठेवा. दीड-दोन मीटरवर, नजरेच्या किंचित खाली. मेनूतली सिनेमांची पोस्टरं समोरून डावी-उजवीकडे 30 अंशांच्या आतच ठेवा, नाहीतर मान अवघडते.

दुसरं उत्तर: अक्षरं मोठी करा. देवनागरीत अनुस्वार न् मात्रा आधी पुसट होतात. सिनेमा लागला की मेनू विरू द्या.

प्रश्नकर्ता: स्थिर केला नं! आईनं आज अख्खं गाणं पाहिलं.