आष्टीचं भोजनालय घ्यावं का?

प्रशांत: सगळ्यांना नमस्कार. आपल्या गडचिरोलीतल्या आष्टीच्या फाट्यावरचं ते भोजनालय विकायला निघालं आहे. मालक पोराकडे पुण्याला जाऊन राहिले. जागा, शेड, भट्टी, भांडी, दोन फ्रीज मिळून 32 लाख म्हणतात. बारा वर्षांचं चालतं हॉटेल, दुपारी बसायला जागा नसते. कोनसरीचा पोलाद कारखाना वाढून राहिला, रोज नवीन माणसं येऊन राहिली. माझं मन झालं आहे. तुम्ही काय म्हणता?

वैभव: घेऊन टाक दादा! उद्या हाच भाव दुप्पट होईल.

सुनंदा आत्या: स्वयंपाक कोण करते तिथं?

प्रशांत: एक मावशी आहेत, पहिल्या दिवसापासून. वडाभात अन् पाटवडी त्यांच्याच हातची.

सुनंदा आत्या: मंग त्या राहतात का, ते पयले विचार. मालकाले नको विचारू, त्यायलेच विचार. लोक पाटी पाहून नाही येत बापू.

मोठे बाबा: प्रशांत, मी गडचांदूरला अकरा वर्षं खानावळ चालवली, म्हणून लांबलचक लिहून राहिलो. गर्दीवर जाऊ नको. माझ्याकडे बी गर्दी होती. एका ठेकेदाराचे साठ मजूर दोन टाइम जेवत. बिल महिन्याचं, पैसे अडीच महिन्यांनी, अन् किराणा मात्र मी रोखीनं भरत होतो. काम संपलं, ठेकेदार दुसऱ्या राज्यात गेला, माझे 1,84,000 वहीतच राहिले. ती वही अजून कपाटात आहे. पानाखाली त्याची सही आहे, तारीख नाही. म्हणून आधी हॉटेलमालकाची उधारीची वही माग. कोणाच्या नावावर किती, अन् शेवटचे पैसे कधी आले ते पाहा.

गल्ला तो तोंडी सांगेल. तू 19 किलोच्या सिलिंडरच्या पावत्या माग, महिन्याला तांदळाचे कट्टे किती लागतात ते किराणावाल्याला विचार. त्यावरून ताटांचा अंदाज बरोबर येते.

आता मुख्य गोष्ट. तिथं रात्री जेवणारे बहुतेक सुरजागडच्या लोहखाणीतून खनिज आणणाऱ्या गाड्यांचे ड्रायव्हर. खाणीजवळच्या हेडरीपासून कोनसरीपर्यंत 85 किलोमीटरची पाइपलाइन 2025 च्या जुलैत सुरू झाली. दळलेलं लोहखनिज पाण्यात कालवून तिच्यातून येते. जितकं नळीतून येईल तितक्या गाड्या कमी, अन् तितकी रात्रीची ताटं कमी. कारखान्याची माणसं वाढतील, ते खरं आहे. पण मोठ्या कारखान्याला आत कॅन्टीन कायद्यानंच ठेवावं लागते. बाहेर येतील ते शिफ्ट सुटल्यावर, घाईत. त्यांना पहाटे पाचला तर्री-पोहे पाहिजे, खोलीवर न्यायला डबा पाहिजे. रात्रभर खाटेवर बसणारा ड्रायव्हर वेगळा, हे गिऱ्हाईक वेगळं. तू 32 लाख जुन्या गिऱ्हाइकाचे देऊन राहिला.

प्रशांत: पाइपलाइन माहीत होती मोठे बाबा. तिचा ताटाशी संबंध लावला नव्हता.

कविता वहिनी: कागदांचं मी सांगते. सातबारा आजच काढा भाऊजी. वर्ग 2 ची, म्हणजे सरकारी अटींवर मिळालेली जमीन असेल तर परवानगीशिवाय विकता येत नाही, अन् आदिवासी खातेदाराची असेल तर मंजुरीशिवाय बिगरआदिवासीच्या नावावर होतच नाही. आपल्या जिल्ह्यात यातच लोक फसतात. जमीन अकृषक झाली आहे का, शेड रस्त्याच्या हद्दीत तर नाही, तेही पाहा. रुंदीकरण निघालं की पहिले शेडच जाते. अन् चालतं हॉटेल घेतलं की जुन्या मालकाच्या जीएसटीच्या थकबाकीला तुम्हीही जबाबदार, कलम 85 आहे. अन्न परवाना तुमच्या नावानं नवा काढावा लागेल.

वैभव: मी घाई केली बोलायला. दादा, वीजबिल पण पाहून घे.

प्रशांत: मग सोडून देऊ का?

मोठे बाबा: सोड नाही म्हणत मी. फाटा चांगला आहे. त्याला म्हण, अकरा महिने करारानं चालवायला दे, विक्रीचा भाव आजच लिहून ठेवू. पाइपलाइनचा फरक तोवर गल्ल्यात दिसेल. नाहीच म्हणाला तर जमिनीचा भाव वेगळा, धंद्याचा वेगळा काढायला लाव.

प्रशांत: ठीक. उद्या पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत तिथंच बसतो. ट्रकवाले किती, कारखान्याचे किती, रोख किती, वहीत किती, सगळं लिहून आणतो.

सुनंदा आत्या: त्याच्याआंधी मावशीच्या घरी जाय. अन् खाली हातानं नको जाऊ.