एप्रिल सोडून उरलेलं वर्ष

कुणीतरी विचारलंय, ब्रिटनची नॅशनल ऑटिस्टिक सोसायटी (ऑटिझम म्हणजे स्वमग्नता असलेल्यांसाठी काम करणारी संस्था) एप्रिलमधली, जागतिक ऑटिझम दिनाच्या निमित्ताने होणारी जनजागृती सोडली तर वर्षभर करते काय? अहो, एप्रिल हा नुसता दिसणारा भाग. १९६२ साली लंडनमध्ये पालकांनी ही संस्था काढली (मनोविकारतज्ज्ञ लोर्ना विंग त्यातल्याच, त्यांची मुलगी स्वमग्न होती). मुलांना शाळाच मिळत नव्हती, म्हणून पुढे शाळाही स्वतःच काढली. नंतर प्रौढांच्या निवासी सेवा आल्या. अशा सेवांचं शुल्क बहुतेक वेळा स्थानिक कौन्सिल (तिथली नगरपालिकाच म्हणा) भरतं, त्यामुळे संस्थेच्या उत्पन्नाचा आकडा बघून 'एवढ्या देणग्या?' म्हणून भुवया उंचावण्यात अर्थ नाही.

कायद्याचा पाठपुरावाही आहेच. इंग्लंडमधला २००९चा ऑटिझम ॲक्ट त्यातूनच आला. पण त्याचा रोख प्रौढांवर, आणि निदानाच्या रांगा काही हटल्या नाहीत.

मला सगळ्यात पटला तो संस्थेचा 'ऑटिझम अवर' हा उपक्रम. प्रखर उजेड आणि गोंगाट अनेक स्वमग्न लोकांना सहन होत नाही, म्हणून हा उपाय. दुकानात तासभर दिवे मंद, गाणी आणि स्पीकरवरच्या घोषणा कमी किंवा बंद. खर्च जवळजवळ शून्य. फक्त तासभरच का, हे मात्र कोडं आहे. बाकीच्या वेळीही ते दिवे डोळ्यांत घुसतातच की!