सत्तासमतोलामुळे युरोप शांत राहिला, हे खरंच पटतं का?

कोरा कागद
राजनयाचा इतिहास सांगताना तीस वर्षांचं युद्ध मिटवणारा १६४८चा वेस्टफालियाचा तह आणि नेपोलियनच्या पराभवानंतर युरोपची घडी बसवणारी १८१५ची व्हिएन्ना परिषद यांची नावं एका दमात घेतात. पुढचा निष्कर्षही ठरलेला: कुठलंच राज्य डोईजड होऊ दिलं नाही, म्हणून शांतता टिकली. मला हे पटत नाही.

पोलंड पाहा. १७७२ मध्ये रशिया तुर्कांविरुद्ध जिंकत होता, ऑस्ट्रिया अस्वस्थ होता. युद्ध टाळायचं तर तिघांच्या पदरात काहीतरी पडायला हवं, असा हिशेब प्रशिया या जर्मन राज्याने मांडला. वाटा निघाला तो पोलंडच्या जमिनीतून. पुढे १७९३ आणि १७९५ मध्ये उरलेलंही वाटून घेतलं. स्वतंत्र पोलंड पुन्हा उभा राहायला १९१८ उजाडलं. समतोल राखला गेला, पण तो राखणाऱ्यांपुरता.

दीपमाळ
अजिबात सहमत नाही. पोलंडच्या संसदेत एका सदस्याने नकार दिला तरी अख्खं अधिवेशन मोडत असे. ना कर वाढवता येत, ना पुरेसं सैन्य उभारता येत. पारड्यात वजनच नसेल तर तराजू काय करणार?

उलट इटली बघा. १४५४च्या लोदीच्या तहानंतर मिलान, व्हेनिस, फ्लॉरेन्स, नेपल्स आणि पोपचं राज्य यांनी एकमेकांना तोलून धरलं. लढाया झाल्या, पण पाचांपैकी एकही गिळलं गेलं नाही. एकमेकांच्या दरबारी कायमचे वकील, म्हणजे राजदूत, ठेवायची पद्धत तिथेच रुजली. १४९४ मध्ये फ्रान्सचा आठवा चार्ल्स फौज घेऊन उतरला आणि घडी विस्कटली, कारण तो या तोलाच्या बाहेरचा होता.

कोरा कागद
तो नकाराधिकार टिकवायची हमी १७६८च्या तहात रशियाने घेतली होती! पोलंडने १७९१च्या राज्यघटनेत तो रद्द केला, आणि पुढच्याच वर्षी रशियन फौजा आत शिरल्या. दुबळेपणा लादायचा आणि मग त्याकडेच बोट दाखवायचं, हे मला मान्य नाही.

वाटसरू
तुम्ही दोघंही व्हिएन्नाचं मर्म सोडताय. मार्च १८१४ मध्ये नेपोलियनचं पॅरिस पडलं. त्यानंतर वर्षभराच्या आत, ३ जानेवारी १८१५ला, ऑस्ट्रिया आणि ब्रिटन यांनी हरलेल्या फ्रान्सशीच गुप्त करार केला, रशिया आणि प्रशियाला आवर घालण्यासाठी. सॅक्सनी आणि पोलंडवरून जेते आपसात भांडत होते, त्या फटीतून फ्रान्सचा प्रतिनिधी तालेरां आत शिरला. १८१८ पर्यंत फ्रान्स बड्या राज्यांच्या पंगतीत परत आला. उलट पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, हरलेल्या जर्मनांना तोंडी वाटाघाटींची संधीच दिली नाही, लेखी हरकती तेवढ्या घेतल्या. मला हा फरक समतोलापेक्षा मोठा वाटतो.

आणखी एक, माझ्या आवडीचं. १६६१ मध्ये लंडनला फ्रेंच आणि स्पॅनिश वकिलांची माणसं कुणाची गाडी पुढे यावरून लढली, माणसं मेली. व्हिएन्नाने नियम केला: एकाच दर्जाच्या वकिलांत, ज्याच्या आगमनाची अधिकृत नोंद आधी, तो वर. राजा मोठा की छोटा, हा प्रश्नच मिटला. राज्यांची बरोबरी कागदावर तरी अशा बारीक नियमांनी आली.

कोरा कागद
म्हणजे शांतता टिकली ती हरलेल्याला बोलण्यात घेतल्यामुळे. मी तेच म्हणतोय. नुसता तोल पुरला असता तर १९१४ मध्ये दोन तुल्यबळ गट उभे असताना युद्ध पेटलंच नसतं.

दीपमाळ
१९१४चा तोल गोठलेला होता, आणि समतोलाला लागते जागा बदलण्याची मोकळीक. १७५६ मध्ये फ्रान्स आणि ऑस्ट्रिया अडीच शतकांचं वैर सोडून एकत्र आले, प्रशिया ब्रिटनकडे गेला. जर्मनीचा चान्सलर बिस्मार्क यानेही ऑस्ट्रियाशी मैत्री ठेवून १८८७ मध्ये रशियाशी वेगळा गुप्त करार केला होता. १८९०ला तो गेल्यावर जर्मनीने करार वाढवला नाही, आणि १८९४ पर्यंत रशिया फ्रान्सच्या बाजूला जाऊन बसला. तिथून पुढे कुणाला सरकायला जागा उरली नाही.

१७९१चा मुद्दा मात्र मान्य. पोलंडच्या दुबळेपणाबद्दल मी लिहिलेलं वाक्य मागे घेतो.