अंगणात मांजरी येणं कसं बंद करू? (नागपूर)

सांबारवाली: मांजरी रोज अंगणात घाण करून राहिल्या. सांबाराचा (कोथिंबिरीचा) वाफा दोनदा उकरला. फिनाईल शिंपडलं, डांबरगोळ्या टाकल्या, काही फरक नाही. मारायचं नाही, फक्त येणं बंद करायचं आहे. लवकर सांगा, उद्या सामान आणायचं आहे.

पंजा: आधी डांबरगोळ्या उचला, फिनाईल धुऊन काढा. फिनॉल मांजरीच्या यकृताला झेपत नाही. पंजाला लागलेलं ती चाटते अन् तिथूनच विषबाधा होते. भिंत किती उंच? घाण नेमकी कुठं?

जीआय_तार: भिंतीवर रोलर लावा, विषय संपला. आत एक इंची पीव्हीसी पाईप, त्यावर तीन इंची, मधून जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार, टोकांना एल ब्रॅकेट. पंजा टेकला की पाईप फिरतो, पकड मिळत नाही. दर 4 फुटांवर ब्रॅकेट हवंच, नाहीतर तारेला झोळ येतो अन् पाईप घासून अडकतो.

वाळवण: भिंतीची उंची कळली नाही अन् तुम्ही ब्रॅकेट मोजून राहिले! बाजूला झाड असलं तर रोलर नुसता शोभेचा.

सांबारवाली: भिंत 4 फूट. शेजाऱ्यांचं सीताफळ भिंतीला टेकलेलं आहे. घाण वाफ्यात अन् कूलरखाली.

वाळवण: कूलर आता सांगता होय! टाकी भरून वाहत असेल. खाली ओली भुसभुशीत माती, वरून सावली. मे महिन्यात मांजरीला याहून गार जागा कुठं मिळणार? टाकी भरली की पाणी बंद करणारी फ्लोट वाल्व बदला, तिथं 3 इंच गिट्टी (खडी) पसरा. वाफ्यावर एक इंची कोंबडीजाळी आडवी अंथरा, कडा खाली दुमडून यू आकाराच्या तारेनं ठोका, वर अर्धा इंच माती. सांबार जाळीतून वर येतो, मांजरीला मात्र उकरता येत नाही. पुढं सांबार उपटू नका, कात्रीनं कापा. मुळं जाळीत अडकून अख्खी जाळी वर येते.

संत्रासाल: एवढा खटाटोप काऊन? संत्र्याची सालं टाका.

पंजा: या उन्हात सालीचा दोन दिवसांत पापड होतो. वास गेला की मांजर हजर.

खडूस_काका: पकडून गोरेवाड्याच्या जंगलात सोडून या. नाहीतर भिंतीवर काचा.

पंजा: जागा रिकामी झाली की दुसरी मांजर येते. अन् काचांनी जनावर जायबंदी झालं तर भारतीय न्याय संहितेचं कलम 325 वाचून ठेवा, काका.

सांबारवाली: एक सांगायचं राहिलं. कूलरच्या स्टँडखाली तीन पिल्लं आहेत. डोळे आत्ताच उघडले.

पंजा: हे पहिल्या ओळीत हवं होतं, बाई! मग गिट्टी अन् रोलर आता नको. आई बाहेर अडकली तर पिल्लं उपाशी मरतील. आठ आठवडे थांबा. तोवर फक्त वाफ्यावर जाळी, अन् लांबच्या कोपऱ्यात दोन घमेली सुटी रेती टाका, घाण तिकडं वळेल. ती रोज हातमोजे घालून काढा. टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचा संसर्ग शिळ्या विष्ठेतून होतो, ताजीतून संसर्ग व्हायला निदान एक दिवस लागतो. घरात कोणी गर्भवती असेल तर तिनं हात लावू नये. पिल्लं दूध सोडताच आईची नसबंदी करा. पाजतानाही ती माजावर येऊ शकते.

जीआय_तार: तोवर पाईप सावलीत ठेवा. उन्हानं पीव्हीसी ठिसूळ होतो.

सांबारवाली: पाईप घेतला कोणी, भाऊ? फ्लोट वाल्व अर्धा इंची लागते की पाऊण, ते सांगा.

वाळवण: बहुतेक कूलरला अर्धा. जुनी काढून सोबत न्या.