मक्याच्या हॅप्लॉइड रोपांना तुरा येतो, पण पराग पडत नाही

रब्बी_मका:
एम.एस्सी.च्या कामासाठी मक्याच्या डबल्ड हॅप्लॉइड लाईन्स करतोय, म्हणजे गुणसूत्रांचा एकच संच असलेल्या (हॅप्लॉइड) रोपांतला संच दुप्पट करून शुद्ध वाण मिळवतोय. कोंब दोनेक सेंटिमीटरचा झाला की टोक छाटून ०.०४ टक्के कोल्चिसीन (गुणसूत्रं दुप्पट करणारं रसायन) आणि ०.५ टक्के डीएमएसओ (ते पेशींत शिरायला मदत करणारा द्रावक) यांच्या द्रावणात बुडवतो. बरीच रोपं मरतात. जगलेल्यांच्या कणसांना केस येतात, पण तुरा कोरडाच. कोल्चिसीन वाढवू का?

जांभळा_दाणा:
मुळीच वाढवू नका, आणखी रोपं जातील. कोल्चिसीनमुळे गुणसूत्रं ओढणारे तंतू तयार होत नाहीत, म्हणून पेशी दुभंगत नाही आणि १० ची २० गुणसूत्रं तिच्यातच राहतात. पण हे फक्त त्या वेळी विभाजन चालू असलेल्या पेशींत होतं. त्यामुळे अख्खं रोप क्वचितच दुप्पट होतं. तुऱ्याचा एखादा फाटा, कधी त्यावरचे चार-दोन परागकोश, एवढंच सुपीक निघतं. तुरा लांबून कोरडा वाटतो तो यामुळेच.

रोज सकाळी प्रत्येक फाटा जवळून बघा. परागकोश बाहेर आलेले नसले तर फुगलेले निवडून चिमट्याने उघडा आणि जो काही पराग निघेल तो त्याच झाडाच्या केसांवर टाका. कणसावर पाच दाणे भरले तरी लाईन हातात आली! नेहमीच्या सेल्फिंगने (दर पिढीत झाडाचा पराग त्याच्याच केसांवर टाकून) तिथवर यायला सहा-सात पिढ्या जातात. त्या पाच दाण्यांसाठी सकाळभर उन्हात उभं राहणं मला आजही आवडतं.

मर कमी करायची तर द्रावणातून काढल्यावर रोपं वाहत्या पाण्यात नीट धुवा, ट्रेमध्ये सावलीत सावरू द्या आणि मगच शेतात लावा.

आणि जोमदार, रुंद पानांचं रोप दिसलं तर उपटाच, ते हॅप्लॉइड नसतं. हॅप्लॉइडची खूण म्हणून माथा जांभळा आणि भ्रूण पांढरा असा दाणा निवडला, तरी रंग दाबणारं जनुक असलेल्या वाणांत ही खूण फसवते.

बांधावरचा:
कळलावीच्या कंदातही कोल्चिसीन असतं ना? तेच काढून वापरलं तर?

जांभळा_दाणा:
कृपा करून नको. अर्कात किती कोल्चिसीन उतरलं ते कळत नाही आणि हे विष जीव घेतं, त्यावर सहज मिळणारा उतारा नाही. विकतचं वापरतानाही हातमोजे, गॉगल हवेतच. उरलेलं द्रावण मोरीत न ओतता घातक कचऱ्यात द्या.

रब्बी_मका:
उद्यापासून फाटे तपासतो. लाईन्स जास्त लागल्या तर?

जांभळा_दाणा:
मग गाईडशी बोलून कर्नाटकातल्या कुणिगलला विचारा. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाबरोबर सिमिटने (आंतरराष्ट्रीय मका आणि गहू संशोधन संस्था) २०२१ मध्ये तिथे खास मक्याच्या डबल्ड हॅप्लॉइडसाठी केंद्र सुरू केलंय.