संत गोन्सालो गार्सियांवर माहितीपट करतोय. दुभाष्याची गोष्ट संताच्या गोष्टीत बसते का?

मधला_आवाज, बडोदे

नमस्कार मंडळी.

मी बडोद्यात अकरा वर्षं लग्नांचं शूटिंग करतो. दांडिया बाजारात वडिलांची जुनी खोली आहे, तिथेच एडिटिंगचं टेबल टाकलंय. गेली दोन वर्षं सीझन संपल्यावर जे पैसे हातात उरतात त्यातून वसईच्या संत गोन्सालो गार्सियांवर माहितीपट करतोय. निर्माता कुणी नाही. कॅमेरा माझा, आवाजाला एक मित्र, आणि बडोदे-वसई रोड अशा रेल्वेच्या चकरा. रफ कट ४७ मिनिटांचा झालाय आणि मी अडकलोय.

मी ख्रिस्ती नाही. आमच्या घरी गौरी-गणपती बसतात, देवघरात खंडोबाचा टाक आहे. एका लग्नाच्या ऑर्डरसाठी वसईला गेलो होतो. वऱ्हाड यायला वेळ होता म्हणून किल्ल्यात चक्कर मारली. जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाच्या पडक्या चर्चपाशी एक आजोबा बसले होते. ते म्हणाले, "या गावचा पोर जपानात क्रुसावर गेला." मला ते खरंच वाटलं नाही. घरी येऊन वाचायला लागलो आणि वाचतच राहिलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जन्म वसईचा, १५५७च्या आसपासचा. वडील पोर्तुगीज, आई इथली. वसई १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांकडे गेली, म्हणजे जन्माच्या वीसेक वर्षं आधी ती आमच्याच सुलतानाची होती. शिक्षण जेझुइटांकडे. मिसरूड फुटायच्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेले, तिथली भाषा शिकले, धर्मशिक्षकाचं काम केलं. पुढे काही वर्षं व्यापार केला, मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन या दुसऱ्या ख्रिस्ती संघात गेले. धर्मगुरू नव्हे, साधे ब्रदर. १५९३ साली मनिलाहून पेद्रो बाउतिस्ता हे जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे राजदूत म्हणून निघाले तेव्हा दुभाषी म्हणून यांना बरोबर घेतलं. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारलं. त्यांतले एक हे. १८६२ साली संतपद मिळालं. भारतात जन्मलेले पहिले संत.

माझं मन बसलंय ते 'दुभाषी' या शब्दावर. हिदेयोशीसमोर एक स्पॅनिश माणूस बोलतोय, समोरून जपानी उत्तर येतंय, आणि दोघांचंही बोलणं वसईच्या एका माणसाच्या तोंडातून जातंय. मधे तो एकटा.

हे मला इतकं का लागतं तेही सांगतो. मी अकरा वर्षांचा असताना आजी साताऱ्याकडून आमच्याकडे आली, शेवटच्या दुखण्यात. तिला गुजराती अजिबात येत नव्हतं. दवाखान्यात बाबा खाली पैसे भरायला गेले होते, खोलीत आजी आणि मी. डॉक्टर फाइल बंद करून मला म्हणाले, "हवे घरे लई जाव, सेवा करो." आजीने माझा हात धरला आणि विचारलं, "काय म्हणतायत रे?" मी म्हणालो, "घरी जायचं म्हणतायत." खोटं बोललो नाही. फक्त पुढचे दोन शब्द गिळले. आजीच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मला आजही दिसतं. रिक्षात बसल्यावर तिने सुनेला सांगायचं ठरवलं होतं की रविवारी पुरणपोळी कर.

फिल्मची सुरुवात मी या प्रसंगाने केलीय, माझ्याच आवाजात. आता अडचणी.

एक, संतावरच्या फिल्ममध्ये माझी आजी येणं योग्य आहे का? एका संस्थेने पैसे द्यायची तयारी दाखवली होती. अट अशी की हा भाग काढा आणि चमत्कार वाढवा. मी नाही म्हटलं. पण तेव्हापासून मनात खुट्ट झालंय.

दोन, मृत्यू कसा दाखवायचा? नाटक मंडळातले मित्र क्रुसावर उभे राहायला तयार आहेत. मला ते नको वाटतं, पण दुसरं सुचत नाही.

तीन, १७३९. चिमाजी आप्पांनी वसई घेतली हे आम्हा बडोद्याच्या मराठी माणसांना लहानपणापासून अभिमानाने सांगितलेलं. किल्ला दाखवायचा आणि ते गाळायचं कसं? आणि दाखवलं तर वसईच्या लोकांना काय वाटेल?

---

कात्री_आणि_चहा, इंदूर

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तो माझ्या कामाचा आहे. बारा वर्षं संकलन करतेय.

क्रुसावर मित्रांना उभं करू नका. कमी पैशांत केलेलं मरण पडद्यावर खोटंच दिसतं, आणि एकदा ते खोटं दिसलं की आधीच्या ४० मिनिटांवरचा विश्वासही जातो. झाक कालो या फ्रेंच चित्रकाराने १६२७च्या सुमारास या हुतात्म्यांचं एचिंग केलंय, क्रुसांच्या रांगाच रांगा. चित्र एवढंसं आहे, पण चांगल्या स्कॅनवर एकेका क्रुसापाशी जाता येतं. तिथे कॅमेरा सावकाश फिरवा, खाली फक्त वारा. मात्र लक्षात घ्या, त्यात तेवीस जण आहेत, सव्वीस नाहीत. फ्रान्सिस्कनांचे तेवढेच. निवेदनात सव्वीस म्हणाल आणि चित्रात तेवीस दिसतील तर मोजणारा प्रेक्षक असतोच.

आवाजासाठी एक सुचवते. वाईजवळ मेणवलीला घाटावर वसईहून आणलेली चर्चची घंटा आहे. भीमाशंकरलाही आहे. चिमाजी आप्पांच्या विजयानंतर या घंटा देवळांत गेल्या. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मारिया कोरलीय. ती वाजवून रेकॉर्ड करा आणि वसईच्या बालपणावर टाका. अंगावर काटा येईल.

---

मधला_आवाज, बडोदे

मेणवलीची घंटा! आमचं मूळ गाव तिथून तासाभरावर. कितीदा त्या घाटावर गेलोय, कधी वर मान करून पाहिलं नाही. पुढच्या आठवड्यातच जातो.

---

क्योतोला_होतो, पुणे

थांबा, जा जरूर, पण ती घंटा बालपणावर टाकू नका. तिच्यावर साल आहे १७०७. संत जाऊन एकशे दहा वर्षं झाली होती. तीच गोष्ट किल्ल्यातल्या सेंट जोसेफ चर्चची. त्याचा मनोरा सगळे उत्साहाने शूट करतात, पण आजची इमारत १६०१ मध्ये नव्याने बांधलेली आहे. "इथे ते लहानपणी प्रार्थना करत" असं त्या मनोऱ्यावर म्हणालात तर चुकेल.

मी क्योतोत सहा वर्षं नोकरीला होतो, म्हणून जपानच्या बाजूचं थोडं सांगतो. तुमच्या थोडक्यात सांगितलेल्या गोष्टीत १५९३ वरून थेट १५९७ आलं. मधली वर्षंच महत्त्वाची आहेत. हिदेयोशीने धर्मप्रसारकांनी देश सोडावा असा हुकूम १५८७ मध्येच काढला होता, पण तो कडक पाळला जात नव्हता. जेझुइट पोर्तुगीजांच्या आधाराने दबून काम करायचे. मनिलाहून आलेले फ्रान्सिस्कन स्पेनच्या बाजूचे, उघड्यावर काम करणारे. दोघांत तणाव होता. तुमचे गोन्सालो आधी जेझुइटांबरोबर राहिलेले आणि नंतर फ्रान्सिस्कन झालेले, म्हणजे ते या दोघांच्याही मधे होते. तुमच्या 'मधला माणूस' या धाग्याला हे जास्त बळ देतं.

मग ऑक्टोबर १५९६ मध्ये सान फेलिपे हे स्पॅनिश गलबत जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्याला लागलं. माल जप्त झाला, संशय वाढला आणि डिसेंबरात धरपकड झाली. क्योतोत प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापून गाड्यांतून धिंड काढली. मग ऐन थंडीत जवळजवळ महिनाभर नागासाकीपर्यंत नेलं. निघाले चोवीस, वाटेत दोघे वाढले. सर्वांत लहान लुईस इबाराकी, बारा वर्षांचा.

मी असतो तर मृत्यूऐवजी ती वाट दाखवली असती. जानेवारीत क्योतोचा गारठा हाडात शिरतो. पायात लोकरीचे मोजे आणि बूट असतानाही मला स्टेशनपर्यंतची वीस मिनिटं नको व्हायची. निशिझाका आज नागासाकी स्टेशनपासून चालत जाण्याएवढं जवळ आहे. तिथे १९६२ साली उभारलेलं संग्रहालय आणि सव्वीस जणांचं ब्राँझचं शिल्प आहे. शूटिंग करायचं असेल तर आधी लिहून विचारा. लुईस फ्रॉइश हा जेझुइट तेव्हा नागासाकीतच होता. त्याने त्याच वर्षी या घटनेचा वृत्तांत लिहिला आणि त्याच वर्षी वारला. तो मिळवून वाचा.

---

गासची_लेक, वसई

दादा, तुमची पोस्ट रात्री वाचली आणि आज दिवसभर डोक्यात होती. आमच्या गासला त्यांच्या नावाचं चर्च आहे. माझं लहानपण त्या आवारात गेलं.

आधी १७३९चं सांगते. तुम्ही घाबरू नका. किल्ल्यात चिमाजी आप्पांचं स्मारकही आहे आणि आमची पडकी चर्चही आहेत, आम्ही दोन्हींच्या मधून रोज ये-जा करतो. आम्हीही मराठीच. घंटा देवळांत गेल्या हे आमच्या घरांत राग धरून सांगत नाहीत. माझे वडील म्हणायचे, वाजतेय ना अजून, मग झालं. क्योतोवाल्या दादांचं म्हणणं मात्र पाळा, तिला तिच्या काळातच वाजू द्या.

आजीचा प्रसंग काढू नका. ज्यांनी काढायला सांगितलं त्यांना तो कळला नाही.

पण एक बोलू? राग मानू नका. तुम्ही संतांना नुसतं दुभाषी करून टाकलंय. तुमच्या एवढ्या मोठ्या पोस्टमध्ये ते प्रार्थना करतात असं एक वाक्य नाही. क्योतोत फ्रान्सिस्कनांनी कुष्ठरोग्यांसाठी दवाखाना चालवला होता, त्याचा उल्लेख नाही. व्यापार चांगला चाललेला माणूस तो सोडून अनवाणी फिरणाऱ्या ब्रदरांत का जातो, हेही तुम्ही विचारलं नाही. भाषा येते म्हणून कुणी क्रुसापर्यंत जात नाही. दुभाष्याला काम संपलं की घरी जाता येतं. ते गेले नाहीत.

डॉक्टर दोन गोष्टी बोलले होते. घरी न्या, आणि सेवा करा. तुम्ही आजीला पहिली सांगितलीत. मला वाटतं फिल्ममध्येही तसंच झालंय. आमच्या संतांचंही तुम्ही अर्धंच भाषांतर केलंय.

---

मधला_आवाज, बडोदे

ताई, चार दिवस उत्तर लिहायला धीर होत नव्हता.

तुमचं वाचल्यावर रफ कट पुन्हा लावला, वही घेऊन बसलो. ४७ मिनिटांत बोटी, नकाशे, दरबार, किल्ला, समुद्र, माझा आवाज. गुडघे टेकलेला एकही माणूस नाही. शूट केलेलं होतं. गेल्या वर्षी किल्ल्यातल्या पडक्या चर्चमध्ये एक मावशी, लाल लुगडं नेसलेल्या, भिंतीला हात लावून पाच मिनिटं उभ्या होत्या. ओठ हलत होते. त्यांनी मान हलवून परवानगी दिली म्हणून मी लांबून घेतलं होतं. एडिटमध्ये ते मी 'संथ आहे' म्हणून बाजूला टाकलं. आवाजाची फाइल उघडली तर वाऱ्याने माइक फडफडतोय आणि त्याच्या मागून त्यांचं पुटपुटणं येतंय. शब्द लागत नाहीत, पण तालावरून कळतं की एकच काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणतायत.

मी विश्वास दाखवायला कचरत होतो, कारण तो माझा नाही. मला वाटायचं, आपण परके, आपण भाषेबद्दल बोलावं, तेवढा आपला हक्क. त्यात त्यांचंच गिळलं गेलं.

आता ठरवलंय ते असं. मावशींचे ते पाच मिनिटं न कापता ठेवतोय, आजीच्या प्रसंगाला लागून. क्योतोचा दवाखाना येईल. क्रुसाचं नाटक रद्द, मित्रांना सांगून टाकलं. नागासाकीचा खर्च यंदा परवडणार नाही, तेव्हा ती वाट मी बडोद्यातच माझ्या आवाजात सांगेन, दिवसांच्या क्रमाने, आणि चित्र कालोचं. मेणवलीची घंटा १७३९ला वाजेल, आणि तेव्हा पडद्यावर साल लिहिलेलं असेल.

एक विचारायचं होतं. संतांच्या तोंडची दोन-तीन वाक्यं कादोडीत, म्हणजे तुमच्या वसईच्या बोलीत, लिहून घ्यावीत असा विचार होता. तुम्हाला काय वाटतं?

---

गासची_लेक, वसई

नको. त्यांच्या तोंडी आपण लिहिलेलं काही घालू नका, कादोडीतही नको. त्यापेक्षा आमच्या म्हाताऱ्यांना कादोडीत त्यांची गोष्ट सांगू द्या. प्रत्येकीची थोडी वेगळी असते, तशीच ठेवा. कुणी नाव उच्चारताना डोक्यावरचा पदर सारखा करते, ते घ्या. मी चार घरं सांगते, ओळख करून देते. त्या मावशीही त्यांतल्याच कुणाच्या तरी नात्यातल्या असतील, फोटो पाठवा. त्यांना आधी पडद्यावरचं दाखवा, मग ठेवा.

किल्ल्यात ट्रायपॉड लावायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी काढूनच या.

---

मधला_आवाज, बडोदे

त्यावरून एकदा परत फिरलोय, चूक माझीच होती. या वेळी अर्ज आधी करतो. फेब्रुवारीतल्या सणाला येऊ का? माइकला केसाळ कव्हर घेतलंय, वाऱ्याचा त्रास होणार नाही.

---

गासची_लेक, वसई

या. पण सकाळच्या मिस्सेच्या आधी या, आवारात सडा पडत असतो तेव्हा. नंतर बँड सुरू होतो, मग म्हाताऱ्यांचा आवाज तुम्हाला मिळणार नाही. मुक्काम आमच्याकडेच.