रि: रि: वॉशिंग्टनची बस – आज पाचपर्यंत उत्तर हवंय

सचिव:
मंडळी, चेरीचा बहर बघायच्या आपल्या वॉशिंग्टन सहलीबद्दल बसवाल्यांचा सकाळीच फोन. न्यू जर्सीतून निघायचं, पार्सिपनी पहाटे पावणेसहा, एडिसन साडेसहा आणि रात्री साडेअकराला परत, हे आपलं वेळापत्रक एका ड्रायव्हरात बसत नाही म्हणतात. फेडरल नियम: स्टिअरिंगवर १० तास, ड्यूटी १५ तास, त्यापुढे गाडीला हात लावायचा नाही. दुसरा ड्रायव्हर घेतला तर पैसे वेगळे. गाडी ५६ सीटची, नावं ५१, आणि माणशी दर आपण आधीच जाहीर करून बसलोय. पाचपर्यंत कळवायचंय. ज्यांचे चेक यायचेत त्यांना मी पुन्हा आठवण करणार नाही.

एडिसनकर:
सोपं आहे. पार्सिपनीचा थांबा काढून टाका. निम्म्याहून जास्त नावं आमच्याकडची आहेत. तिकडच्यांनी आपापल्या गाड्या घेऊन इकडे यावं, देवळाचं पार्किंग पहाटे रिकामंच असतं.

अण्णा (पार्सिपनी):
वाटच बघत होतो. संक्रांतीला आम्ही तिकडे, कोजागिरीला आम्ही तिकडे, आता पहाटे पाचलाही आम्हीच तिकडे. अहो, बसचं गॅरेज आमच्या बाजूला आहे. थांबा काढलात तर गाडी गॅरेजातून एडिसनला काय उडत येणार? २८७ हायवेवरूनच येणार ना, आमच्या दारावरून! रिकामी चालवली तरी ड्रायव्हरचे तास भरतात आणि बिल गॅरेज ते गॅरेज लागतं. वाचली तर आम्ही चढायची पंधरा मिनिटं वाचतील, ती स्टिअरिंगवरची नव्हेत.

खजिनदार:
अण्णांचा हिशेब बरोबर आहे. १५ तासांबद्दल मी बस कंपनीच्या डिस्पॅचरशी बोललो. ट्रकवाल्यांचे १४ तास सलग मोजतात, प्रवासी बसचे १५ तसे नाहीत. मधे ड्रायव्हरला खरीखुरी सुटी दिली, म्हणजे गाडी लावली, किल्ली खिशात, माणूस कुठेही भटकायला मोकळा, तर तेवढा वेळ धरत नाहीत. तो म्हणाला, कायद्यात आहे, पण आम्ही गॅरेज सोडल्यापासून गॅरेजला लागेपर्यंतचे १५ धरतो. का धरणार नाहीत? आपण ड्रायव्हरला ‘मोकळा’ सोडतो आणि दर अर्ध्या तासाला कुणीतरी दार वाजवतं, अमुक डबा आत राहिला. लँकेस्टरची सहल आठवा.
आणि १५ चं जमवलं तरी १० चं काय? गॅरेज, पार्सिपनी, एडिसन, वॉशिंग्टन: पावणेपाच तास. येऊन-जाऊन साडेनऊ. चेरी ब्लॉसमच्या शनिवारी बाल्टिमोरला अर्धा तास अडकलो की ड्रायव्हर गाडी बाजूला घेणार आणि आपण हायवेवर गाण्याच्या भेंड्या खेळणार.

माई:
लँकेस्टरचं किती दिवस काढणार? तो डबा माझा होता आणि त्यात इन्सुलिन होतं, गुलाबजाम नव्हते. गुलाबजाम कुणाचे होते ते मला माहीत आहे.

माँटक्लेअरकर:
डिकॅम्पला विचारलंत का? न्यूयॉर्कच्या रोजच्या गाड्या त्यांनी ७ एप्रिल २०२३ ला बंद केल्या, पण चार्टर, म्हणजे सहलींना भाड्याने गाड्या देणं, चालू ठेवलं. १८७० पासूनची कंपनी, घोडागाड्यांच्या काळातली. मी अकरा वर्षं त्यांच्या ३३ नंबरने न्यूयॉर्कचं पोर्ट अथॉरिटी बसस्थानक गाठलं. सकाळी ४९५ हायवेवर बसची वेगळी लेन लागली की शेजारी तुंबलेल्या मोटारींकडे बघत कॉफी प्यायची, ते सुख निराळंच. मी थांब्यावर दिसलो नाही तर ड्रायव्हर अर्धं मिनिट रेंगाळायचा. कोविडनंतर त्याच गाडीत आम्ही नऊ टाळकी. शेवटच्या आठवड्यात त्याला बेसनाचे लाडू दिले, त्याने सिग्नलला थांबून तिथेच एक खाल्ला.

सचिव:
ॲडव्हान्स देऊन झालाय. आता कंपनी बदलायची नाही. कृपया मुद्द्यावर या.

नाना:
आमच्या गावी मुक्कामाची एसटी यायची, रात्री साडेआठला. ड्रायव्हर-कंडक्टर मारुतीच्या देवळात पथारी टाकायचे, आई कधीमधी पिठलं-भाकरी पाठवायची. पहाटे सहाला तीच गाडी तालुक्याला. एकदा आम्हा पोरांनी रात्री हॉर्न वाजवला. ड्रायव्हर नव्हे, वडीलच चप्पल घेऊन धावत आले, “त्याला झोपू द्या रे!” तर दुसरा ड्रायव्हर घ्या. माझ्याकडून २५ डॉलर जास्तीचे धरा.

एडिसनकर:
अण्णा, २०१९ ची संक्रांत पार्सिपनीलाच झाली होती. फोटो आहेत. तुम्हीच तिळगूळ वाटताय.

अण्णा (पार्सिपनी):
एकदा! आणि हॉलचं भाडं कुणी भरलं तेही फोटोत दिसतंय का बघा.

सचिव:
दुसरा ड्रायव्हर ठरवला. तो दुपारी परस्पर वॉशिंग्टनला येईल आणि परतीची गाडी चालवेल. माणशी १४ डॉलर वाढले, नानांचे २५ वेगळे. दोन्ही थांबे आहेत तसेच. पहिला ड्रायव्हर येताना आपल्यातच बसून येणार, त्याला झोपायला पुढची सीट द्यायची आहे. माई, ती तुम्हाला दिली होती. तुम्ही येताना चौथ्या रांगेत, खिडकीशी. डबा जवळच ठेवा.

माई:
चौथ्या रांगेत शेजारी कोण आहे ते आधी सांगा.